केसपेपरच्या खिडकीतली विमल

फोन सकाळी साडेसातला आला. मी शहापूरला आमच्या स्वयंपाकघरात नातीचा डबा भरत होते. विमलचा थोरला भाऊ बाळारामदादा बोलत होता. "शारदाताई, विमल गेली. पाटंला पाचला. सबनीस बाजूलाच व्हते. तुमी या." एवढं बोलून त्याने फोन ठेवला. अनपेक्षित होतं असं म्हणता येणार नाही. चारच दिवसांपूर्वी मी तिला भेटून आले होते, आणि सगळी नोकरी सरकारी दवाखान्यांत परिचारिका म्हणून केल्यावर समोरचं माणूस किती दिवसांचं आहे हे आपल्या हातांना आधी कळतं. तरी मी डबा पूर्ण भरला, झाकण लावलं, नातीला रिक्षात बसवून आले आणि मग ओट्याला टेकून उभी राहिले… किती वेळ, ते सांगता येत नाही.

किन्हवलीमार्गे मुरबाडला पोचले तेव्हा त्यांच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धी माणसं विमलसाठी आली होती, अर्धी तिच्या नवऱ्याला, सबनीसांना बघायला. कुणीतरी मोबाइल उंच धरून त्यांचा फोटो काढत होतं. बाळारामदादाने त्याचा हात धरून खाली केला. दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. ज्येष्ठ अभिनेते श्रीधर सबनीस यांना पत्नीशोक. खाली त्यांच्या गाजलेल्या भूमिकांची यादी होती. पत्नीचं नाव कुठेच नव्हतं. मी त्या चार ओळी दोनदा वाचल्या, कुठे नजरचुकीने राहिलं असेल म्हणून. नव्हतंच. आता सव्वा महिना झाला, तरी ती गोष्ट मनातून जात नाही. म्हणून लिहायला बसले आहे. मला लिहायची सवय नाही, पण तिचं नाव मला ठाऊक आहे. विमल महादू देसले.

विमल टोकावड्याच्या पुढे, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका गावची. घरची भातशेती. वडील लवकर गेले, बाळारामदादाने तिला दहावीपर्यंत शिकवलं, आणि मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात केसपेपर लिहायची नोकरी तिला लागली. माझी तिथे बदली झाली तेव्हा माझे यजमान आणि मुलं शहापूरला होती. आठवड्यातले पाच दिवस मी विमलच्या भाड्याच्या खोलीवर राहायचे, शनिवारी घरी जायचे. ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. मला शेवटपर्यंत ‘सिस्टर’च म्हणाली. दिसायला चारचौघींसारखी, सावळी, हाडाने मजबूत. पण खिडकीपाशी बसली की तिचे कान काहीतरी वेगळेच व्हायचे. पेशंट नाव सांगायला तोंड उघडायचा आणि ही त्याचं गाव आधीच लिहून मोकळी व्हायची. मी विचारलं, कसं गो कळतं तुला? तर म्हणाली, "सिस्टर, ‘नाय’ सगळीच म्हणतात. पण आमच्या टोकावड्याकडचं माणूस ते ‘नाय’ डोंगरावर हाक मारल्यासारखं लांबवतं. वाशिंदकडचा कंपनीतला असला की तो ‘नाय’ म्हणून लगेच टाइम विचारतो." तिने हे हसून सांगितलं, पण ती खरोखरच चुकत नसे.

त्याच कानांमुळे सबनीस तिच्या आयुष्यात आले. नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. ते तेव्हा नाटकांतले मोठे नट, सिनेमातही नाव झालेलं. आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याची भूमिका त्यांना मिळाली होती आणि चित्रीकरण माळशेजच्या रस्त्याला होणार होतं. भाषा नीट यावी म्हणून त्यांनी चौकशी केली, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी त्यांना विमलकडे पाठवलं. दाढी वाढलेला, साधा सदरा घातलेला माणूस खिडकीसमोर उभा राहिला आणि त्याने आपला एक संवाद म्हणून दाखवला. मी औषधांची कपाटं लावत होते, अंगावर काटा आला, असा आवाज. विमल लिहायची थांबली नाही. म्हणाली, "छान बोलता. पण हे आमचं नाय. हे सिनेमातल्या शेतकऱ्याचं झालं."

सबनीसांचा चेहरा उतरला. लहानपणापासून टाळ्या ऐकत आलेला माणूस तो. मग विचारलं, "तुमचं कसं असतं?" ती म्हणाली, "ते सांगून येत नाय. तिथं बाकावर बसा आणि ऐका."

आणि ते बसले. बारा दिवस. सकाळी आठला यायचे, बाकाच्या टोकाला टोपी घालून बसायचे. तापाने फणफणलेली, विंचू चावलेली, बाळंतपणाला आलेली माणसं काय बोलतात, आणि काय न बोलता गिळतात, ते ऐकायचे. चौथ्या दिवशी गर्दी फार झाली तेव्हा विमलने त्यांच्या हातात पेन दिलं. एका म्हातारीने विचारलं, "नवा लागलास काय रे? अक्षर चांगलाय तुझा." ते म्हणाले, "होय गो आये, पोटासाठी करतो." म्हातारीला काही खटकलं नाही. तिने आपली कंबर कशी दुखते ते सांगायला सुरुवात केली. विमलने तेव्हा पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं. मला ती नजर आठवते, कारण त्यानंतर तिने माझ्याकडेही पाहिलं आणि उगीचच रजिस्टर पुढे ओढून घेतलं.

चित्रीकरण संपलं, ते गेले. मला वाटलं, संपलं. पण पंधरा दिवसांनी टपालाने एक कॅसेट आली. आवाज भरताना काही वाक्यं पुन्हा म्हणायची होती, ती त्यांनी तपासायला पाठवली होती. विमलने माझा टेपरेकॉर्डर मागितला आणि चुका सांगून कॅसेट परत धाडली. मग दुसरी आली. तिसऱ्या कॅसेटमध्ये सिनेमातलं एकही वाक्य नव्हतं. नाटकाच्या दौऱ्यावर ते कुठल्याशा गावी होते; तिथली खोली, खिडकीतून दिसणारं तळं, असलं काहीबाही ते बोलत होते. विमलने ती ऐकली आणि मला म्हणाली, "सिस्टर, तुमी जरा बाहेर बसता?" मी बाहेर ओट्यावर बसले. आतून तिचा आवाज येत होता. काय बोलत होती ते कळत नव्हतं, पण ती इतका वेळ सलग बोलू शकते हे मला त्या दिवशी कळलं. असं दीड-दोन वर्षं चाललं. मध्ये मध्ये ते स्वतः यायचे, आम्ही तिघं चहा प्यायचो. त्यांचा घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी मृणाल आईकडे वाढत होती. हे सगळं त्यांनी अशा पहिल्या भेटीतच विमलला सांगितलं होतं. लपवालपवी नव्हती. नव्हती म्हणजे… मुरबाडमध्ये नव्हती.

मग एका सिनेमासिकात खिडकीत बसलेल्या विमलचा फोटो आला आणि खाली चावट मजकूर. खिडकीशी माणसं उगीच येऊन उभी राहायला लागली. "काय आजार?" विमलने विचारलं की नुसती हसायची. बाळारामदादा गावाहून आला, आमच्या खोलीत खाली मान घालून बसला. ओरडला नाही. म्हणाला, "विमल, मी तुला आडवणार नाय. पण लोक मला विचारतात तो कोण, तर मी काय सांगू? तो तुझा कोण, तेवढं तरी त्याला विचार."

म्हणून आम्ही दोघी मुंबईला गेलो. सबनीसांचा रविवारचा दुपारचा प्रयोग होता. विमलने अबोली रंगाची साडी नेसली होती. नाटक सुंदर झालं. ती सगळा वेळ पुढे वाकून बसली होती. नंतर आम्ही रंगपटात गेलो. तिथे सात-आठ जण होते, दिग्दर्शक, दोन लेखक, पेपरातली कुणी बाई. सबनीस तिला पाहून आनंदले; खरे आनंदले, ते मी पाहिलं. आणि मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "या विमलताई. मुरबाडच्या. त्या सिनेमाची भाषा यांनीच माझ्याकडून करून घेतली." सगळ्यांनी नमस्कार केला. विमलनेही केला. कुणीतरी बटाटेवडा पुढे केला, तो तिने खाल्ला, पाणी प्यायली, "येतो आमी" म्हणाली आणि निघाली. कल्याणच्या स्टँडवर आम्ही मुरबाडच्या एसटीची वाट पाहत थांबलो. गाडी लागल्यावर म्हणाली, "आठ जणांसमोर ताई म्हणाला, सिस्टर." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पाणी असतं तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर कॅसेटी आल्या, त्या तिने ऐकल्या नाहीत. पाकिटंही फोडली नाहीत. दवाखान्यात फोन आला की मला घ्यायला लावायची. "सांगा, कामात आहे." आणि ती असायचीच कामात. पावसाळा गेला, भाताची कापणी झाली. एके दिवशी ओपीडीची रांग पायऱ्यांखाली गेली होती आणि त्या रांगेत, एका खोकणाऱ्या म्हाताऱ्यामागे, सबनीस उभे. बिनदाढीचे, सगळ्यांनी ओळखलेले. लोक त्यांना पुढे जा म्हणत होते, ते जात नव्हते. पाऊण तासाने नंबर आला. विमलने वर पाहिलं नाही.

"नाव?"

"श्रीधर सबनीस."

"वय?"

"सत्तेचाळीस."

"काय होतंय?"

त्यांनी मागच्या रांगेकडे एकदा पाहिलं. मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी आठ जणांसमोर घाबरलो. तुझ्याशी लग्न करायचंय हे मला तिथं सांगायचं होतं, आणि मी ताई म्हणालो."

नटच तो, असं क्षणभर माझ्याही मनात आलं. पण त्यांचे हात खिडकीच्या कठड्यावर होते आणि ते थरथरत होते. तसं ठरवून कुणाला जमत नाही, हे मी रोज पाहत होते. विमलने केसपेपर फाडून त्यांच्या हातात दिला. म्हणाली, "मागं आजारी माणसं उभी आहेत. बाजूला बसा. एक वाजता सुटते मी." एक वाजेपर्यंत ते त्याच बाकावर बसले. विमलने त्यांच्यासाठी एकही पेशंट भराभर उरकला नाही.

लग्न नोंदणीचं झालं. साक्षीदार म्हणून मी आणि बाळारामदादा. विमलने आधीच सांगून टाकलं होतं, नोकरी सोडणार नाही, मुरबाड सोडणार नाही. "तुमचं काम तिथं हाय, माझं इथं हाय." सबनीसांनी वाद घातला नाही. त्यांनी मुरबाडला दोन खोल्यांचं घर घेतलं आणि नाटकांना सुट्टी असायची त्या दिवशी, सोमवारी सकाळी ते यायचे. मंगळवारी दुपारी परत. गावात त्यांना ‘सोमवारचा नवरा’ म्हणायला लागले. पहिल्यांदा टोमणा म्हणून, मग सवयीने, आणि पुढे पुढे तर कौतुकाने. एखाद्या सोमवारी ते आले नाहीत तर पानवाला विमलला विचारायचा, सगळं ठीक ना? विमल त्यांना आयुष्यभर ‘सबनीस’ म्हणाली. मी एकदा टोकलं तर म्हणाली, "केसपेपरवर तेच लिहिलंय."

सगळं गोड होतं असं मात्र नाही. मूल झालं नाही. त्यासाठी तिने काही काळ औषधं घेतली, मग एके दिवशी थांबवली, आणि तो विषय माझ्याजवळही कधी काढला नाही. मुंबईच्या समारंभांना ती गेली नाही, त्यावरून त्यांच्यात खटके उडायचे. मृणाल पहिली काही वर्षं तिच्याशी फोनवरही बोलायची नाही. विमल दर मोसमात तिच्यासाठी करवंदाचं लोणचं द्यायची, सबनीस बरणी घेऊन जायचे, आणि रिकामी बरणी परत यायची. धुऊन. "खाते तरी," विमल म्हणायची, आणि पुढच्या वर्षी पुन्हा भरायची.

सबनीसांना मोठा पुरस्कार मिळाला तेव्हा माझी बदली शहापूरला झाली होती. मी टीव्हीवर पाहत होते. दिग्दर्शकांचे, गुरूंचे आभार मानून ते थांबले आणि म्हणाले, "माझ्या पत्नीचं नाव विमल देसले. ती मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात केसपेपर लिहिते. मला ऐकायला तिने शिकवलं. फार वर्षांपूर्वी एका खोलीत हे सांगायचं राहिलं होतं." मी रडत रडत तिला फोन लावला. तर ती म्हणाली, "सिस्टर, आमच्याकडं संध्याकाळपासनं लाइट नाय. काय बोलले?" मी शब्दन् शब्द सांगितला. तिने तो ऐकून घेतला. मग म्हणाली, "देसले म्हणाले? सबनीस नाय म्हणाले?" मी म्हटलं, देसलेच म्हणाले. "बरं झालं," ती म्हणाली. फोन ठेवला.

दुखणं निघालं ते दीड वर्षापूर्वी. पोटात गाठ. उपचारासाठी तिला मुंबईत राहावं लागलं, सबनीसांच्या सातव्या मजल्यावरच्या घरात. मृणालने रजा घेतली, रोज दवाखान्यात नेलं-आणलं. त्या दोघी तिथे एकमेकींशी काय बोलल्या मला ठाऊक नाही, पण मी भेटायला गेले तेव्हा मृणाल तिचे केस विंचरत होती आणि केस विंचरण्याइतके उरले नव्हते. दोघी त्यावरून हसत होत्या. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी पुढे काय ते स्पष्ट सांगितलं. विमल सबनीसांना म्हणाली, "घरी नेऊन सोडा. इथं कुणी मला गाव विचारत नाय." सबनीसांनी हातातली दोन्ही नाटकं सोडली आणि तिच्याबरोबर मुरबाडला आले. सोमवारचा नवरा पहिल्यांदाच बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी घरात दिसायला लागला.

आमची शेवटची भेट झाली ती दुपारची. सबनीस औषधं आणायला गेले होते. मी तिच्या पायांना तेल लावत होते. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं. "विमल, सुखी झालीस का गो?" तिने डोळे मिटून विचार केला, कुणी गाव विचारलं तरी नीट आठवून सांगावं तसा. म्हणाली, "मंगळवारी दुपारी बरं वाटायचं नाय, सिस्टर. ते गेले की घर खायला उठायचं. बाकी…" तिने डोळे उघडले. "बाकी मी त्यांना कधी घाबरले नाय, आणि त्यांनी माझ्याशी कधी नाटक केलं नाय. आणखी काय असतं?" मी तेल लावत राहिले.

गेल्या आठवड्यात मी मुरबाडला जाऊन आले. मृणाल सबनीसांना न्यायला आली होती. बॅग दाराशी भरून ठेवलेली. तिने माझ्याकडे पाहून खुणावलं, तुम्ही तरी सांगा यांना. सबनीस स्वयंपाकघरात होते. सत्तरीचे गृहस्थ, पाटावर मांडी घालून बसलेले, पुढ्यात परात. म्हणाले, "या सिस्टर. बसा. जेवूनच जा." तांदळाच्या पिठाची उकड काढून ठेवलेली होती, वाफ येत होती. मी म्हटलं, हे कधीपासून? "शेवटच्या पावसाळ्यापासून. ती पलंगावरून बघायची आणि मी करायचो. मी गेल्यावर खानावळीत जेवायचं नाय, म्हणाली." त्यांनी परातीत उकड मळायला घेतली. "मी विचारलं, किती दिवस लागतील भाकरी यायला? तर म्हणाली, तुमच्या हाताला वर्ष लागेल." मृणाल दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, पीठ मुंबईतही मिळतं." सबनीस म्हणाले, "मिळतं गं. पण चूक झाली तर तिथं सांगणारं कोण आहे? इथे शेजारची पार्वती येते, बघते आणि नाक मुरडते." मृणालला हसू आलं. तिने बॅग उचलून आतल्या खोलीत नेली. मग येऊन माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसली.

सबनीसांनी गोळा घेतला, थापायला लागले. कडेला भाकरी फाटली. त्यांनी ती तशीच तव्यावर टाकली, हात पाण्यात बुडवला आणि दुसरा गोळा घेतला.